गोदामाच्या बिलातले पॅलेट-दिवस

गोदाम ठरवताना सगळी घासाघीस दरावर होते. पॅलेटमागे, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या फळीमागे, महिन्याला ३०० रुपये की २८५, यावर दोन-दोन बैठका जातात. करार होतो, माल येतो आणि तिसऱ्या महिन्यात बिलावरून वाजायला लागतं. त्या वादात दराचा विषयच निघत नाही. महिनाभरात नेमके किती पॅलेट होते आणि ते कुठल्या क्षणी मोजले, एवढ्यावर सगळं अडलेलं असतं. करारात या दोन गोष्टींना मिळून एखादी ओळ मिळालेली असते, पुष्कळदा तीही नसते.

डोळ्यांसमोर भिवंडी ठेवून लिहितोय. राहनाळ, काल्हेर, वळ, पूर्णा, दापोडे, माणकोली हा पट्टा मुळात मुंबईच्या जकात नाक्याबाहेर वाढला. माल नाक्याबाहेर उतरवायचा आणि शहरात लागेल तेवढाच आत न्यायचा, हा साधा हिशेब होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं ओस पडली नाहीत. आधी कंपन्या परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर वाचवायला प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवायच्या. ती गरज संपल्यावर चार ठिकाणचा माल एका मोठ्या गोदामात आणणं परवडायला लागलं. त्यामुळे आज तिथे दोन पिढ्या शेजारीशेजारी दिसतात. एकीकडे पंधरा-वीस फुटी पत्र्याचे गाळे, जमिनीवर थप्प्या आणि चौरस फुटावर भाडं. दुसरीकडे दहा-बारा मीटर उंचीच्या शेड, रॅक, उंचावर पॅलेट ठेवणारे रीच ट्रक आणि पॅलेटवर भाडं.

चौरस फुटाचं गणित सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. बिल होतं ते 'आकारणीयोग्य' क्षेत्रफळावर. त्यात बाहेरच्या भिंतीची जाडी, डॉकची म्हणजे गाड्या लावायच्या धक्क्याची जागा, ऑफिस, स्वच्छतागृह, कधी कधी छज्जासुद्धा धरलेला असतो. आतही सगळी जागा मालाला मिळत नाही. फोर्कलिफ्ट वळायला साधारण ३.६ मीटर रस्ता सोडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २.४ मीटर खोल थप्प्या लावल्या, तर ८.४ मीटरपैकी ४.८ मीटरवरच माल बसतो. म्हणजे ५७ टक्के. भिंतीपासून सोडायचे दोन-अडीच फूट अजून धरलेच नाहीत. १,००० चौरस फूट माल ठेवायचा तर १,७५० चौरस फूट घ्यावे लागतात ते यामुळे. 'व्यापलेल्या जागेवर' बिल करणारे लोक थप्पीचं क्षेत्रफळ मोजून त्याला १.७ किंवा १.८ ने गुणतात. हा गुणक लबाडीचा नाही, रस्त्याचे पैसे कोणीतरी भरायचेच असतात. पण तो करारात आकड्याने लिहिलेला हवा. 'रास्त प्रमाणात' असं लिहिलं की भांडणाची सोय झालीच.

पॅलेटवरच्या बिलाची मजा वेगळी आहे, त्यावर जरा सावकाश बोलू.

समजा ३० दिवसांचा महिना आणि पॅलेटमागे महिना ३०० रुपये, म्हणजे दिवसाला १०. हे दर फक्त उदाहरणापुरते. महिन्याच्या सुरुवातीला ४०० पॅलेट आहेत. १० तारखेला २०० आले, २० ला ३०० गेले, २८ ला १५० आले. आता बिल किती?

रोज रात्री शिल्लक मोजली तर १ ते ९ तारीख ४००, १० ते १९ तारीख ६००, २० ते २७ तारीख ३०० आणि शेवटचे तीन दिवस ४५०. एक पॅलेट एक दिवस राहिला की एक पॅलेट-दिवस, तशी बेरीज १३,३५० पॅलेट-दिवस. गुणिले १० रुपये, बिल १,३३,५००. सरासरी ४४५ पॅलेट पडले.

सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक जोडून निम्मी केली तर ४२५ पॅलेट, बिल १,२७,५००.

महिन्यातला सर्वांत जास्त आकडा धरला तर ६०० पॅलेट, १,८०,०००.

सुरुवातीची शिल्लक अधिक महिन्यातली सगळी आवक धरली तर ७५० पॅलेट, २,२५,०००.

पंधरवड्याचा नियम लावला, म्हणजे १५ तारखेपर्यंत आलेल्याला पूर्ण महिना आणि नंतर आलेल्याला अर्धा, तर ४०० अधिक २०० अधिक ७५. एकूण ६७५, बिल २,०२,५००. या पद्धतीत महिन्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेल्या पॅलेटलाही पूर्ण महिना लागतो. अमेरिकेतल्या सार्वजनिक गोदामांची ही जुनी रीत. 

दर तोच, माल तोच, आणि बिल सव्वा लाखापासून सव्वादोन लाखांपर्यंत कुठेही. पंधरा रुपये कमी करून घेण्यात ज्यांनी दोन बैठका घालवल्या, त्यांनी त्यातली एक या ओळीवर घालवायला हवी होती. आणि यातली कुठलीच पद्धत मुळात चुकीची नाही. मालाची उलाढाल मंद असेल, पॅलेट तीन-चार महिने हलत नसतील, तर पाचही पद्धती जवळपास एकाच आकड्यावर येतात. माल आठवड्यात फिरत असेल तर आवकेवर आधारलेली पद्धत ग्राहकाला खाते. सणाच्या आधी माल चढत असेल आणि गोदामवाल्याने त्यासाठी जागा अडवून ठेवली असेल, तर सरासरीवर बिल करून त्याचं नुकसान होतं. दिवाळीचे ६०० पॅलेट ठेवायची जागा श्रावणात भाड्याने देता येत नाही.

म्हणून किमान हमी येते. समजा ५०० पॅलेटची हमी आहे, तेवढा माल नसला तरी तेवढ्याचं भाडं द्यायचं. वरच्या महिन्याची सरासरी ४४५, म्हणजे बिल ५०० चं, १,५०,०००. पण हमी महिन्याला लावायची की रोज? रोज लावली तर ४००, ३०० आणि ४५० चे दिवस ५०० धरले जातात आणि ६०० चे दिवस ६०० च राहतात. बेरीज १६,००० पॅलेट-दिवस, बिल १,६०,०००. 'किमान ५०० पॅलेट' एवढंच लिहिलेल्या करारात हे दहा हजार अधांतरी असतात.

दिवसाचं मोजमाप तरी एकच असतं का? वरचं १३,३५० रात्रीच्या शिल्लकेवर आलं. सकाळच्या शिल्लकेवर मोजलं तर १३,३०० येतं. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरले, म्हणजे त्या दिवशी पॅलेट घटकाभर जरी आत असला तरी मोजला, तर १३,६५०. लॉजमध्ये खोली सोडायची वेळ लिहिलेली असते, गोदामात ती लिहायची राहून जाते. रात्रीचीच मोजणी धरली, तर सकाळी आठला उतरलेला आणि संध्याकाळी सहाला गेलेला माल हिशेबात दिसतच नाही. त्याने डॉक अडवला, हमाल लावले, फोर्कलिफ्ट फिरवली. यासाठीच चढ-उताराचे पैसे भाड्यापासून वेगळे ठेवतात. आवक आणि जावक दोन्हींचा दर मिळून एक करतात आणि बहुधा तो आवकेलाच लावून मोकळे होतात. ते चालतं, फक्त माल परत आला तर त्याला पुन्हा आवकेचा दर लागणार का, ते आधी बोलून ठेवावं.

संगणकात मध्यरात्र बारालाच होते, गोदामात होतेच असं नाही. ट्रक ३१ तारखेला रात्री दहाला लागतो, दीडला उतरून होतो आणि आवकेची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पडते. नोंदीची तारीख धरायची की गाडी आत आल्याची? उलट बाजूही आहे. महिनाअखेरीला विक्री दाखवायची म्हणून ग्राहक कंपनी बिलं फाडते. कागदावर माल विकला गेला, पण गाडी तीन तारखेला लागते. कंपनी म्हणते माल आमचा राहिला नाही, गोदाम म्हणतं पॅलेट रॅकमध्येच आहेत. भाड्याच्या दृष्टीने गोदामाचं बरोबर आहे. जागा मालाने अडते, मालकीने नाही. गेटपासवरची वेळ हाच शेवटचा पुरावा धरावा आणि तसं लिहून ठेवावं.

आता पॅलेट म्हणजे काय, हा प्रश्न. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचं माप सर्रास चालतं. ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा खोका घेतला तर एका थरात बरोबर १० बसतात. चार उभे एका ओळीत, आडव्या तीन-तीनच्या दोन ओळी, आणि १,००० मिलिमीटर पुरे होतात. पाच थर लावले की ५० खोके, आणि पॅलेटचे १५ सेंटिमीटर धरून उंची १४० सेंटिमीटर. १,०१० खोके आले तर भागाकार २०.२, म्हणजे २१ पॅलेट. मालाचा मालक कागदावर हाच आकडा काढून बसलेला असतो.

प्रत्यक्षात ते १,०१० खोके १७ बॅचचे असतात. १६ बॅच ६० खोक्यांच्या आणि एक ५० ची. खाण्याचा किंवा औषधाचा माल असेल तर ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा असतो, म्हणून एका पॅलेटवर दोन बॅच मिसळत नाहीत. ६० खोक्यांना दोन पॅलेट लागतात, त्यातल्या दुसऱ्यावर फक्त दहा खोके, एकच थर. १६ गुणिले २ अधिक १, एकूण ३३ जागा. २१ आणि ३३ मधले १२ पॅलेट म्हणजे वरच्या दराने महिन्याला ३,६०० रुपये, आणि ते एका मालाचे. अशा अर्धवट पॅलेटांनी रॅक भरला की लांबून गोदाम तुडुंब दिसतं, जवळ गेलं की निम्मी हवा.

यावर इलाज दोन. एक, कारखान्याने बॅच ५० च्या पटीत पाठवावी. हे सांगायला सोपं आहे, पण उत्पादन विभागाला गोदामाचं भाडं कधी दिसत नाही. दोन, अर्धे-पाऊण पॅलेट खालच्या छोट्या खणांत हलवावेत आणि त्या खणाचा दर वेगळा ठरवावा. हलवण्याची मजुरी कोणाची, हेही ठरवावं. प्रत्यक्ष जागांवर बिल होत असेल तर अर्धवट पॅलेट एकत्र करण्यात गोदामाचा काही फायदा नाही, उलट भाडं कमी होतं. ग्राहकाने सांगितल्याशिवाय ते कोणी करणार नाही. उलट भागाकारावर बिल होत असेल तर प्रत्येक मोकळी जागा गोदामाच्या खिशातून जाते आणि माणसं आपोआप कामाला लागतात. उंचीचंही तसंच. खणाची उंची १६० सेंटिमीटर आहे आणि ग्राहकाने सात थर लावून १९० चा पॅलेट पाठवला, तर तो एकतर उतरवून परत रचायचा किंवा रॅकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर न्यायचा. तिथेही आगीसाठी छताला लावलेल्या पाण्याच्या स्प्रिंकलरखाली सोडायचं अंतर मध्ये येतं.

बिलाचा पाया म्हणजे शिल्लक, आणि शिल्लक खरी आहे का ते मोजल्याशिवाय कळत नाही. वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळं मोजणं ही जुनी पद्धत. त्यात ३१ मार्चला दमलेली माणसं रात्री दोन वाजता खोके मोजतात आणि नव्या चुका तयार करतात. त्यापेक्षा रोज थोडं मोजावं. मालाचे तीन वर्ग पाडायचे. जास्त किमतीचा आणि जास्त हलणारा माल महिन्यातून एकदा, मधला तिमाहीत, बाकीचा वर्षातून एक-दोनदा. मोजणी मालाच्या नावाने लावू नये, जागेच्या क्रमाने लावावी. 'अमुक साबण कुठे कुठे आहे ते मोजा' असं सांगितलं की माणूस संगणकाने दाखवलेल्या जागांवरच जातो आणि चुकून दुसऱ्या ओळीत गेलेला पॅलेट तिथेच राहतो. 'सी ओळ, १ ते ४० खण, रिकामे धरून सगळे' असं सांगितलं की तो सापडतो. रिकाम्या म्हणून नोंदलेल्या खणात माल निघणं ही नेहमीची चूक आहे.

मोजणाऱ्याच्या कागदावर संगणकातला आकडा छापू नये. ४८ लिहिलेलं दिसलं की ४७ खोकेही ४८ वाटतात. फरक आला तर दुसऱ्या माणसाने मोजायचं, पहिल्याचा आकडा न दाखवता. दोघांचा जुळला तर हिशेबात शिरायचं, आणि तेव्हाही लगेच शिल्लक दुरुस्त करायची नाही. आधी त्या मालाच्या शेवटच्या काही आवक-जावका बघायच्या. पुष्कळदा एका जागेवर ४० कमी आणि शेजारच्या जागेवर ४० जास्त असतात. घाईने पहिली तूट लिहिली की आठ दिवसांनी वाढ सापडते आणि दोन्ही नोंदी खात्यावर राहतात. आणि अचूकता कशी सांगतात ते विचारावं. २,००० जागा मोजल्या आणि ६० चुकल्या, तर जागांची अचूकता ९७ टक्के. पण अधिक-उणे एकमेकांत जिरवून निव्वळ नगांवर काढली तर तीच ९९.९ दिसू शकते. अहवालात बहुधा दुसरा आकडा असतो.

खरी डोकेदुखी एककाची. खोक्यात २४ नग होते, कारखान्याने नवं पॅकिंग काढलं, २० चं. मालाची मूळ नोंद बदलायला कोणी विसरलं. ५०० खोके आले, संगणकाने १२,००० नग धरले, खरे १०,०००. खोके मोजले तर बरोबर, पॅलेट मोजले तर बरोबर, बिलही बरोबर. तूट निघते विक्रीच्या वेळी, २,००० नगांची, जे कधी आलेच नव्हते. आणि करारानुसार तुटीची भरपाई गोदामाकडून मागितली जाते.

पोत्यांच्या वखारीत मोजमाप दुहेरी होतं, नग आणि वजन. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून हेच काम करतंय आणि तिथे भाड्याचं एकक मुख्यतः पोतं. थप्पी मोजताना लांबीतली पोती गुणिले रुंदीतली पोती गुणिले थर, हे सगळ्यांना येतं. चूक दोन ठिकाणी होते. थप्पी पक्की बसावी म्हणून एकाआड एक थर आडवा-उभा लावतात, आणि दोन्ही थरांत पोती सारखी बसतीलच असं नाही. विषम थरात ६० आणि सम थरात ५८ असतील तर १६ थरांची थप्पी ९६० ची होत नाही, ९४४ ची होते. दुसरं म्हणजे वरचा अर्धा थर. खालून तो दिसत नाही, शिडी लावून वर जावंच लागतं. वर गेलं की आणखी एक गोष्ट बघता येते. तारणावर कर्ज दिलेल्या मालात मधली पोती काढून बाहेरून भिंत तशीच ठेवण्याचा प्रकार जुना आहे. बँकेचा तपासणीस थप्पीभोवती फेरी मारून सही करतो, तेव्हा तो फक्त चार बाजू मोजत असतो.

वजनाचं गणित हवामान बिघडवतं. १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्के ओलाव्याचं ठेवलं आणि वखारीत ते १० टक्क्यांवर आलं, तर कोरडा भाग ८८ क्विंटल तोच राहतो, पण एकूण वजन ८८ भागिले ०.९०, म्हणजे ९७.७८. सव्वादोन क्विंटल 'गेले', एकही दाणा न हलता. १५ टक्क्यांचा माल आत घेतला तर तीच घट साडेपाच क्विंटलवर जाते. २०२४ च्या खरिपात केंद्राने हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली, तेव्हा शेतकऱ्याची सोय झाली, पण वखारीच्या तुटीचा हिशेब बदलला. आवकेच्या पावतीवर वजनाशेजारी ओलावा लिहिलेला नसेल तर नंतर ही घट सिद्ध करता येत नाही. वजनकाट्याचंही भान ठेवावं. ट्रकचा काटा १० किलोच्या टप्प्याने आकडा देत असेल तर पाच किलोवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण भिजलेली ताडपत्री, केबिनमध्ये बसलेला क्लीनर आणि मध्येच भरलेलं डिझेल याने फरक सहज शंभर किलोवर जातो. भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं एकाच काट्यावर आणि एकाच दिवशी घ्यावीत.

कीड मारायला औषधाची धुरी दिली की थप्पी काही दिवस झाकलेली असते. तेव्हा मोजणी होत नाही, माल मिळत नाही, भाडं मात्र चालू राहतं. हे रास्तच आहे, पण मालकाला तारीख आधी कळवावी, नाहीतर तो रिकामा ट्रक घेऊन दारात उभा राहतो.

२००७ च्या वखार कायद्याखाली नोंदणी असलेल्या गोदामाने पावती दिली तर तीवर साठवणुकीचा आणि हाताळणीचा दर लिहावा लागतो, आणि भाडं थकलं तर मालावर गोदामाचा हक्क राहतो. पावती बँकेकडे गहाण असली तरी माल सोडवायला आलेल्याने आधी भाडं चुकतं करायचं, हे कर्ज काढताना पुष्कळांच्या हिशेबात नसतं. जीएसटीचं थोडक्यात सांगायचं तर सामान्य मालाच्या साठवणुकीवर १८ टक्के, सोयाबीनसारख्या कच्च्या शेतमालावर नाही. गुळासारख्या प्रक्रिया केलेल्या मालाला मिळणारी सूट जुलै २०२२ मध्ये काढून घेतली. एकाच गाळ्यात दोन्ही असतील तर बिलात दोन ओळी लागतात.

बिलाबरोबर तीन कागद मागावेत. रोजच्या शिल्लकेचा तक्ता, सगळ्या गेटपासांची वेळेसकट यादी, आणि महिन्याच्या शेवटच्या रात्रीची जागावार यादी. तक्त्यातली आजची शिल्लक अधिक उद्याची आवक वजा जावक बरोबर उद्याची शिल्लक, हे तीसही दिवस जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर त्याच दिवशी उशिरा पडलेली नोंद बहुधा सापडते. मग यादीतल्या कुठल्याही दहा जागा आणि यादीत नसलेल्या पाच जागा जाऊन बघाव्यात. त्या पाचच्या पाच खरंच रिकाम्या आहेत का ते आधी बघा. आणि हे सगळं हरकतीच्या मुदतीत करा. करारात ती बहुधा सात किंवा पंधरा दिवसांची असते आणि बिलाच्या तारखेपासून सुरू होते, बिल हातात पडल्यापासून नाही.